चित्रातले घर आणि जालन्यातली घरे

लहान मुलांच्या चित्रपुस्तकात कुटुंबाचे चित्र फार लवकर येते. अक्षरओळख होण्याआधीच मूल पानावर बोट ठेवून 'ही आई, हे बाबा, ही आजी' म्हणू लागते. मराठी पुस्तकांत हे घर बराच काळ एकाच साच्याचे राहिले. खुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे वडील, चुलीपाशी किंवा ओट्यापाशी आई, जपमाळ घेतलेली आजी आणि दोन मुले. या साच्याबाहेरच्या कुटुंबांना चित्रात जागा कशी मिळत गेली, दोन आयांचे किंवा दोन बाबांचे घर त्यात कधी आले आणि जालन्यासारख्या जिल्ह्यापर्यंत त्यातले काय पोचले, हा बालसाहित्याच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्थापन झाला. त्याचा मोठा भाग त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि त्याच जिल्ह्यात गोदाकाठचे पैठणही होते. चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची या भागातली जुनी परंपरा याच पैठणच्या नावाने ओळखली जाते. गोष्ट सांगणारे हे कलावंत, म्हणजे चित्रकथी, आपली पोथी मांडीशी घेऊन बसत. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत, म्हणजे कागदाला बळकटी येई आणि दोन्ही बाजू कामी येत. एक चित्र समोर धरायचे, वीणा-टाळ-हुडूकाच्या साथीने त्यावरचा प्रसंग सांगायचा, मग पुढचे चित्र काढायचे. डोळे मोठे, चेहरे एका बाजूने काढलेले, रंग ठसठशीत. ऐकणाऱ्यांत मोठी माणसे असत, तशी त्यांच्या पुढ्यात बसलेली पोरेही असत.

या पोथ्यांचा एक आवडता विषय होता बब्रुवाहनाचे आख्यान. बब्रुवाहन अर्जुनाचा मुलगा, पण वाढला आई चित्रांगदेजवळ, आजोळी. बाप कोण हे ठाऊक असूनही त्याने तो पाहिलेला नाही आणि पुढे भेट होते ती थेट रणांगणात. सीतेचे लव-कुश वाल्मीकींच्या आश्रमात वाढले. कृष्णाला जन्म देणारी आई एक आणि वाढवणारी दुसरी, आणि दोघींचेही आईपण कोणी नाकारले नाही. आई-बाप-मुले या चौकटीत न बसणारी घरे या गोष्टींत कोणतेही स्पष्टीकरण न देता येतात. छापील बालपुस्तकांनी पुढे जो साचा घट्ट केला, तो परंपरेतून आलेला नव्हता, हे इथेच लक्षात घ्यावे.

जालन्याच्या मातीतले, संतचरित्रांत पुन्हा पुन्हा चितारले गेलेले मूल म्हणजे घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेला नारायण, पुढचे समर्थ रामदास. मुलांसाठीच्या चरित्रांत बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळून जाणारा नारायण हमखास असतो. त्या चित्रामागचे घर मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. वडील सूर्याजीपंत लवकर गेले आणि नारायण वाढला तो आई राणूबाई आणि थोरला भाऊ गंगाधर यांच्या छत्राखाली. एकट्या आईचे, थोरल्या भावाने सावरलेले असे घर आजही जिल्ह्याच्या गावोगावी आहे.

छापील मराठी बालवाङ्मयाचा प्रवाह मुंबई-पुण्यात सुरू झाला. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' १८७३ साली निघाले, वा. गो. आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तिथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. इंग्रजी अमलाखालच्या महाराष्ट्रात मुलांसाठी जे छापले जात होते, ते मराठवाड्याच्या मुलांपर्यंत उशिरा आणि तुटपुंजे पोचले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि मग इथल्या मुलांच्या हाती उर्वरित मराठी मुलांचीच पुस्तके पडू लागली.

त्या काळच्या पुस्तकांतले घर आजच्या समजुतीपेक्षा मोकळे होते. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली आली. तिच्यातला श्याम शिकण्यासाठी घर सोडून दुसऱ्यांच्या आधाराने राहतो. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' हा एका घराने आपलासा केलेला पोरका मुलगा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला. रक्तापलीकडचे नाते, परक्या घरी मिळालेली माया या गोष्टी मराठी मुलांना नवख्या नव्हत्या. एका माणसावर मात्र या वाङ्मयाने सतत अन्याय केला आणि ती म्हणजे सावत्र आई. लोककथेतून उचललेली दुष्ट सावत्र आई पिढ्यान्‌पिढ्या चितारली गेली. ज्या मुलांच्या घरी खरोखरच दुसरी आई होती, त्यांना आपल्या घराचे एकही भले चित्र पुस्तकात सापडले नाही.

घराचा साचा पक्का झाला तो पाठ्यपुस्तकांमुळे. २७ जानेवारी १९६७ रोजी राज्याची पाठ्यपुस्तके काढणारी 'बालभारती' स्थापन झाली आणि राज्यातल्या सर्व मुलांसमोर एकच चित्र येऊ लागले. नॅशनल बुक ट्रस्टने १९६९ पासून 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिकेत अनेक भाषांतून स्वस्त सचित्र पुस्तके आणली, १९७१ साली 'किशोर' मासिक निघाले. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरी एकच सचित्र पुस्तक असे, ते म्हणजे बालभारतीचे. त्यामुळे त्यातल्या चित्राचे वजन इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त होते.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकांनी मराठी चित्रपुस्तकाला वेगळे वळण दिले. राधा या छोट्या मुलीच्या घरातली माणसे त्यांत एकेक करून भेटतात, स्वभावासकट, सवयींसकट. ही माणसे उपदेश करायला आलेली नाहीत, राहायला आलेली आहेत. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ साली 'बिग लिटल बुक' पुरस्कार मिळाला. राधाचे घर शहरी, मध्यमवर्गीय आहे. पण घरातले प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे पाहण्याची जी नजर त्यांनी दिली, तीच पुढे वेगळ्या घरांकडे बघायला उपयोगी पडते.

पाठ्यपुस्तकात कुटुंबांचे वैविध्य सरळ शब्दांत मांडण्याचा मान २००६ सालच्या 'एनसीईआरटी'च्या तिसरीच्या पर्यावरण अभ्यासाच्या पुस्तकाला जातो. कुटुंबे वेगवेगळी असू शकतात, असेच त्यातल्या एका पाठाचे नाव आहे. लग्न न केलेल्या बाईने दत्तक घेतलेली तारा, एकट्या वडिलांसोबत राहणारी मुले, मूलबाळ नसलेले जोडपे, अशी घरे त्यात शेजारी शेजारी येतात आणि कोणाचीही कीव केली जात नाही. पण ते पुस्तक राज्य मंडळाच्या शाळांत नव्हते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली बदल दिसला. आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना त्यात दाखवले गेले. इस्त्री करणारा पुरुष, डॉक्टर बाई, वाहतूक पोलीस बाई अशीही चित्रे आली आणि राज्यभर त्यांची चर्चा झाली. बदल घरातल्या कामांपुरता होता, तरी शाळेतल्या चित्रातला बाप भाजी निवडू लागला, हे मराठी पाठ्यपुस्तकाच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे.

जालन्यातली खरी घरे याच काळात चित्रापासून फार दूर गेलेली होती. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक जोडी म्हणजे एक कोयता, हिशेब तसाच होतो. काही मुले आईबापांसोबत जातात आणि कारखान्याच्या माळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. आई पहाटे फडात गेली की सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाची आई होते. जी मुले गावी थांबतात, ती आजी-आजोबांकडे, मावशीकडे, चुलत्याकडे. त्यांच्यासाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मूल शाळेत शिकते, जेवण वसतिगृहातून मिळते आणि घर म्हणजे थकलेली आजी. पाच-सहा महिने या मुलाच्या कुटुंबात आई नसते, बाप नसतो, तरी ते कुटुंबच असते. शेतीच्या अरिष्टात बाप गमावलेली घरे वेगळी, नांदायचे सोडून माहेरी परतलेल्या बाईची घरे वेगळी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. एवढ्या माणसांची घरे एका चित्रात मावणारी नाहीत.

दोन आयांच्या किंवा दोन बाबांच्या घराचे चित्रपुस्तक प्रथम युरोपात चर्चेत आले. डेन्मार्कमध्ये सुझान बोशे यांचे छायाचित्रांचे पुस्तक १९८१ साली निघाले. त्यात मेटे नावाची छोटी मुलगी वडील आणि त्यांच्या जोडीदारासोबत राहते, न्याहारी करते, वाढदिवसाची तयारी करते. १९८३ साली ते इंग्रजीत आले आणि काही वर्षांत ब्रिटनमध्ये त्यावरून एवढे काहूर उठले की १९८८ साली कलम २८ नावाचा कायदाच झाला. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना 'उत्तेजन' देऊ नये, असे त्यात होते. ते कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. अमेरिकेत लेस्लिया न्यूमन यांचे 'हेदर हॅज टू मॉमीज' १९८९ साली आले. आपल्या मुलीला वाचून दाखवायला आमच्यासारख्या घराचे एकही पुस्तक नाही, असे एका आईने रस्त्यात थांबवून सांगितल्यावर न्यूमन यांनी ते लिहिले. २००५ सालचे 'अँड टँगो मेक्स थ्री' न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या दोन नर पेंग्विनांनी मिळून वाढवलेल्या पिल्लाची खरी गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत ते अनेक वर्षे सर्वाधिक आक्षेपांचे धनी ठरले. या सगळ्या पुस्तकांत घडते काय, तर जेवण, झोप, वाढदिवस. वाद घातला तो मोठ्यांनी.

भारतात ही पुस्तके कायद्यातल्या बदलांच्या बरोबरीने आली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. त्या खटल्यातल्या अर्जदारांपैकी एक असलेल्या गौरी सावंत यांनी मुलीला आईच्या मायेने वाढवले, आणि त्यांच्या आईपणावरची जाहिरात २०१७ साली घरोघरी पाहिली गेली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने कनक शशी यांचे 'गुठली हॅज विंग्ज' काढले. सगळे मुलगा समजतात तरी स्वतःला मुलगी मानणारी गुठली आणि अखेर तिला फ्रॉक आणून देणारी तिची आई, अशी ती गोष्ट आहे. मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या अमेय नार्वणकर यांचे 'रीतू वेड्स चांदनी' २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. रीतू चांदनीशी लग्न करते आहे, वरात अडवायला माणसे उभी आहेत आणि छोटी आयेशा नाचायला सुरुवात करते. शाल्स महाजन यांचे 'रेवा अँड प्रिशा' २०२१ साली आले. त्यातल्या जुळ्या बहिणींना दोन आया आहेत, आणि महाजन मुंबईतल्या लेखक.

कायद्याने दोन आयांच्या किंवा दोन बाबांच्या घराला अर्धेच मानले आहे. १६ ऑगस्ट २०२२ रोजी एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कुटुंब लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांचे किंवा समलिंगी जोडीदारांचेही असू शकते आणि अशी कुटुंबेही कायद्याच्या संरक्षणाला पात्र आहेत. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने समलिंगी जोडप्याला मिळून दत्तक घेण्याचा मार्गही बंदच राहिला. एकटी बाई मूल दत्तक घेऊ शकते. तिच्या घरात दुसरी आई असली तरी कागदावर ती आई नसते. अशा घरातल्या मुलाला निदान पुस्तकाच्या पानावर दोन्ही आया दिसणे किती गरजेचे आहे, हे यावरून कळावे.

पुस्तके गावापर्यंत पोचवण्याची वाट आता तयार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तके हवीत, असे नमूद आहे. प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली सचित्र पुस्तके विनामूल्य देते आणि त्यावर कोणालाही भाषांतर करता येते. कोविडच्या काळात 'गोष्टींचा शनिवार' उपक्रमातून अशा गोष्टी राज्यातल्या मुलांच्या पालकांच्या फोनवर पोचल्या.

'रीतू वेड्स चांदनी' आणि 'रेवा अँड प्रिशा' ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली, आणि दोन्हींमागची माणसे महाराष्ट्रातली. ती मराठीत आणण्यात भाषेची अडचण नाही. इंग्रजीतल्या हेदरला आपल्या दोन्ही आयांना वेगळे ओळखण्यासाठी 'मामा जेन' आणि 'मामा केट' अशी नावे जोडावी लागली. जालन्याच्या बोलीत 'आई' आहे, 'माय' आहे, 'मोठी माय' आहे आणि एकाच घरात या तिघींना हाका मारणारी मुले आजही आहेत. मराठी प्रकाशकांनी हे काम हाती घ्यावे आणि त्याच संचात आजीपाशी राहून शाळेत जाणाऱ्या, कोयत्यावर गेलेल्या आईबापांची वाट पाहणाऱ्या मुलाचेही एक पुस्तक काढावे.