मंडई आणि चित्रकाराची वही

शहराचा इतिहास शोधावयाचा म्हटले की आपण प्रथम दप्तरखान्याकडे वळतो. ठराव, जमाखर्च आणि कोनशिला यांवरून इमारत केव्हा व कोणी बांधली हे कळते. परंतु तीत रोज राबणाऱ्या माणसांनी पाटी कशी उचलली, पदर कसा खोचला, गिऱ्हाइकाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे कोणत्याही ठरावात सापडावयाचे नाही. ही उणीव चित्रकाराची वही काही अंशी भरून काढते, असे आम्हांस वाटते. आणि मुंबईची क्रॉफर्ड मंडई हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली गेलेली ही मंडई आज महात्मा फुले यांचे नाव धारण करते. विल्यम एमर्सन यांच्या आराखड्याप्रमाणे, कुर्ल्याचा पिवळसर व वसईचा तांबडा दगड वापरून ती १८६९ साली पुरी झाली. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. हे गृहस्थ १८६५ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक म्हणून आले आणि १८७५ साली लाहोरास गेले. शिल्पे सुरेख आहेत. पण दगडातल्या शेतकऱ्याला घाई नसते, आणि त्याच्याखालून जाणाऱ्या गर्दीला मान वर करावयास सवड नसते.

ही कलाशाळा मंडईच्या अगदी जवळ असल्याने वही घेऊन मंडईत बसणे हा तेथील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच एक भाग बनला. येथे चित्रकारासाठी कोणी थांबत नाही. उचललेला तराजू खाली येण्याच्या आत रेघ पुरी करावी लागते. म्हणून जाणता चित्रकार कमान, खांब, फळी अशा स्थिर वस्तू आधी मांडून ठेवतो आणि मोकळ्या जागेत माणूस सापडेल तसा पकडतो. ओझे किती जड आहे, हे तो पाटी रंगवून सांगत नाही. हमालाच्या मानेच्या व पाठीच्या एका रेघेतून सांगतो.

कोल्हापूरहून १८९० साली या शाळेत आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तेथेच शिक्षक झाले. मुंबईच्या रस्त्यावरील माणसे त्यांच्याइतकी क्वचितच कोणी रेखाटली असतील. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या १९१२ सालच्या आवृत्तीत त्यांची चित्रे आहेत. त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांस येथील माणसांचे ‘नमुने’ हवे असत: ही अमुक जात, हा अमुक धंदा. धुरंधरांनाही ती मागणी पुरवावी लागली. तथापि त्यांची रेघ पुष्कळदा त्या चौकटीबाहेर पडते. नमुना म्हणून उभी केलेली स्त्री कंटाळलेली दिसते, हसते, मान वेळावते. आणि तेवढ्यापुरती ती नमुना न राहता माणूस होते.

मंडईतील घाऊक व्यापार १९९६ साली नव्या मुंबईस गेला. ही तारीख कागदोपत्री राहील. पण त्यापूर्वीच्या पहाटेची लगबग राहिली असेल तर ती अशा वह्यांतच. म्हणूनच फळांच्या खोक्यावर बसून भराभर रेघा ओढणारी एखादी मुलगी दिसली, तर वाचकांनी तिचा उजेड अडवू नये. आमची तिलाही एक विनंती आहे. किपलिंगांचे नाव राहिले, धुरंधरांचे राहिले. त्यांच्यासमोर बसलेल्या भाजीवालीचे राहिले नाही. चित्र पुरे झाल्यावर तिला ते दाखवावे, तिची हरकत नसेल तर नाव विचारावे आणि सहीशेजारी लिहावे. वहीच्या कोपऱ्यात तेवढी जागा सहज निघेल.