छोटी लाइन, मोठी सडक

एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक कार घेतली, की पर्यावरणाचं आपलं कर्तव्य झालं का? मी राहतो रायपूरच्या पुरानी बस्तीत. तेव्हा उत्तरही इथल्याच इतिहासातून शोधूया.

महामाया मंदिराच्या आसपासचा हा भाग. गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाडीच्या मापाच्या. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे अठराव्या शतकात आला, पण प्रवास पुढेही बराच काळ बैलांच्याच चालीने होत राहिला. 1877 साली विवेकानंद, म्हणजे तेव्हाचा किशोरवयीन नरेंद्र, रायपूरला आला. नागपूरपर्यंत रेल्वे होती. पुढे पंधरवड्याहून जास्त बैलगाडी! त्याचं कुटुंब राहिलं ते शेजारच्या बूढापाऱ्यात.

मग रूळ आले. 1882 पर्यंत नागपूरहून राजनांदगाव, त्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वेने ते रायपूरच्याही पुढे नेले. 1900 साली याच कंपनीची रायपूर-धमतरी ही अडीच फूट रुंदीची लाइन तयार झाली, अभनपूरहून राजिमला फाटा. (आपल्या माधवराव सप्र्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केलं तेही 1900 मध्येच. त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय.)

ही छोटी लाइन शहराच्या पोटातून जायची. वेग बेताचा, डबे लहानसे. पण रायपूरला रोजगारासाठी येणारा मजूर, टोपली घेऊन येणारी भाजीवाली आणि राजिमच्या माघी पुन्नीच्या मेळ्याला निघालेली माणसं तिच्यात मावायची. वातानुकूलन नव्हतं, ॲप नव्हतं. तरी माणशी जळणाचा आणि जागेचा हिशोब मांडला, तर आजच्या कुठल्याही खासगी मोटारीला ती ऐकली नसती.

2017 मध्ये शहरातली ही लाइन बंद झाली आणि त्या पट्टीवर स्टेशनपासून तेलीबांधामार्गे सुमारे 12 किलोमीटरचा एक्सप्रेसवे आला. 2019 मध्ये त्याचा एक भाग खचला, पुन्हा बांधावा लागला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जमिनीची गोष्ट. शंभरहून अधिक वर्षं तिकीट काढणाऱ्यांच्या ताब्यात असलेली शहराच्या मधली पट्टी एका झटक्यात गाडीवाल्यांची झाली. छोटी लाइन जुनाट झाली होती, हे खरंच. पण तिथे नवी रेल्वे किंवा फक्त बसगाड्यांची वाट करता आली असती.

आता या सडकेवर इलेक्ट्रिक कार धावतात. राज्याच्या 2022 च्या धोरणाने त्यांच्या खरेदीवर सवलतही दिली. धूर नाही, आवाज नाही; आमच्या दाटीवाटीच्या वस्तीत हा फायदा छोटा नाही. पण छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशाची. नळी गाडीची गेली, चिमणी कोरब्यात राहिली. उद्या सगळी वीज सूर्याची झाली, तरी कारची रुंदी इंचभर कमी होणार नाही. सणाच्या दिवशी आमच्या गल्लीत एक कार अडकली, की मागचे सगळे खोळंबतात. ती पेट्रोलवर चालते की बॅटरीवर, हे कुणी विचारत नाही.

बॅटरीशी माझं भांडण नाही. ई-रिक्षा आमच्याकडे रोजच्या वापराची झालीये. चार जण बसतात, पैसे वाटून घेतात. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत रायपूरला 100 बस मंजूर झाल्या आहेत. त्या वेळेवर आणि वस्तीच्या तोंडापर्यंत आल्या, तर बॅटरीचा खरा उपयोग होईल. एका बसमध्ये पन्नासेक माणसं जातात. तीच माणसं एकेकटी कारने निघाली, तर बूढातलावाचा रस्ता तेवढ्यानेच भरेल.

रूळ मात्र परत आले. 30 मार्च 2025 ला रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली, ब्रॉडगेजवर, मंदिर हसौदकडून वळसा घेऊन. तिकीट 10 रुपये. सुरुवातीला जाऊन-येऊन दोनच फेऱ्या होत्या. तेलीबांध्याच्या माणसाला तीच गाडी पकडायची तर आधी एक्सप्रेसवेने स्टेशन गाठावं लागतं.