एकच महामार्ग, दोन नियमावल्या
अमेरिकेत मालवाहू ट्रकचा चालक आणि मोटरहोमचा हौशी चालक यांना कायदा वेगवेगळ्या मापांनी का मोजतो?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की उन्हाळ्यात आईवडिलांची एक फेरी ठरलेली असते. या फेरीत अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. मोटरहोम भाड्याने घ्यायचे आणि यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनकडे कुटुंबासह निघायचे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बिछाने असे सारे चाकांवर असलेले हे घर तिकडे 'आरव्ही', म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल, या नावाने ओळखले जाते. पुण्यात आयुष्यभर छोटी मोटार चालविलेल्या गृहस्थांना तीस फूट लांबीच्या गाडीत जावयाशेजारी बसताना धडकी भरते. 'याला वेगळा परवाना लागत नाही?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. बहुतेक राज्यांत त्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

त्याच रस्त्यावर शेजारच्या मार्गिकेतून अठरा चाकांचा ट्रक जात असतो. त्याच्या चालकाने किती तास गाडी चालविली, कधी विश्रांती घेतली, त्याची दृष्टी कशी आहे, गेल्या वर्षी त्याच्या लघवीच्या तपासणीत काय आढळले, या साऱ्याची नोंद कोठे ना कोठे असते. रस्ता एक, हवामान एक, धोकाही बऱ्याच अंशी एकच; कायदा मात्र दोघांकडे निरनिराळ्या नजरेने पाहतो. या भेदामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

परवान्याची गोष्ट

१९८६ पूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर अवजड ट्रक चालविता येत असे. शिवाय परवाने देणे हा राज्यांचा अधिकार असल्याने काही चालक दोन-तीन राज्यांचे परवाने खिशात ठेवीत आणि एका राज्यात गुन्हा नोंदला गेला, की दुसऱ्या राज्याचा परवाना पुढे करीत. हा प्रकार थांबविण्यासाठी १९८६ मध्ये 'कमर्शियल मोटर व्हेईकल सेफ्टी ॲक्ट' संमत झाला. एका चालकाला एकच परवाना, अशी अट आली आणि १ एप्रिल १९९२ पासून अवजड व्यावसायिक वाहनांसाठी 'सीडीएल' हा स्वतंत्र परवाना बंधनकारक झाला. वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन २६,००१ पौंड (सुमारे ११,८०० किलो) किंवा अधिक असेल, चालकासह सोळा किंवा अधिक जणांची वाहतूक होणार असेल, अथवा फलक लावण्याइतका घातक माल वाहायचा असेल, तर तो आवश्यक ठरतो. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवारांना नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षणही घ्यावे लागते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायचा, तर चालकाचे वय किमान एकवीस असावे, हा सर्वसाधारण नियम आहे.

आता मोटरहोमकडे वळू. डिझेल इंजिन मागे बसविलेली, चाळीस फुटांहून लांब मोटरहोम्स २६,००१ पौंडांची मर्यादा सहज ओलांडतात. त्यांना एअर ब्रेक असतात, त्यांची चौकट बसची वा ट्रकची असते. तरीही गाडीचा उपयोग केवळ खासगी, बिनव्यावसायिक कारणासाठी होत असेल, तर संघराज्याचे सीडीएलचे नियम तिला लागू होत नाहीत. काही राज्यांनी स्वतःपुरती तजवीज केली आहे. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांहून लांब मोटरहोमला अव्यावसायिक 'बी' वर्गाचा परवाना लागतो. न्यू यॉर्कमध्ये २६,००० पौंडांवरील आरव्हीसाठी साध्या परवान्यावर 'आर' अशी जादा नोंद करून घ्यावी लागते. टेक्सासनेही मोठ्या गाड्यांसाठी अव्यावसायिक वर्ग ठेवला आहे.

येथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. मोटरहोमचेही ए, बी, सी असे वर्ग आहेत. पण परवान्याच्या वर्गांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. बसच्या धाटणीचे ते 'ए', व्हॅनमध्येच घर बसविलेले ते 'बी' आणि चालकाच्या डोक्यावर बिछान्याचा कोनाडा पुढे आलेला असतो ते 'सी'. पर्यटकांना भाड्याने मिळणारी वाहने बहुधा 'सी' वर्गातील असतात आणि वजनाच्या मर्यादेत बसतात. भाड्याच्या मालवाहू ट्रकांचेही तेच. घर बदलताना लोक जो सव्वीस फुटी ट्रक स्वतः चालवत नेतात, त्याचे अनुज्ञेय वजन उत्पादक मुद्दाम २६,००० पौंडांच्या आत ठेवतात. कायद्याने रेघ ओढली, की कारखाने तिच्या अलीकडे गाड्या बनवू लागतात!

घड्याळाशी बांधलेला चालक

दोन्ही नियमावल्यांतील सर्वांत मोठे अंतर आहे ते कामाच्या तासांचे. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्यानंतर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने या दशकाच्या अखेरीस पहिले नियम केले. चोवीस तासांत दहा तास वाहन चालविणे, असे त्यांचे स्वरूप ठरले. १९६२ मध्ये चोवीस तासांची चौकट काढून टाकण्यात आली आणि आठ तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा दहा तास चालविण्याची मुभा मिळाली. हिशेब मांडला, तर एका दिवसात सोळा तास चक्र हाती धरणे कायदेशीर झाले. ही अवस्था चाळीस वर्षे टिकली, याचे आज आश्चर्य वाटते.

सध्याच्या नियमांनुसार मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालविता येते, आणि तीही कामावर रुजू झाल्यापासून चौदा तासांच्या आत. माल चढविण्यासाठी गोदामापुढे चार तास ताटकळावे लागले, तरी घड्याळ थांबत नाही. आठ तास चालविल्यावर किमान अर्धा तास चक्र सोडावे लागते. आठवड्याची मर्यादा सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तास. पूर्वी या नोंदी कागदी वहीत होत आणि त्या वहीतील सत्य कितपत खरे, याबद्दल चालकांच्या ढाब्यांवर विनोद चालत. डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याची अंमलबजावणी पूर्ण झाली. कामाच्या तासांचे हे नियम १०,००१ पौंडांवरील व्यावसायिक वाहनांनाच लागू होतात, म्हणजे सीडीएलपेक्षा ही रेघ बरीच खाली आहे.

मोटरहोमच्या चालकाला यातील एकही मर्यादा नाही. शिकागोहून निघून तो कोलोरॅडोपर्यंत विनाथांबा गेला, तरी जोवर त्याच्या हातून अपघात किंवा बेदरकारपणा घडत नाही, तोवर त्याला विचारणारे कोणी नाही. कायद्याचा युक्तिवाद असा, की ट्रकचालकाला बहुधा मैलावर पैसे मिळतात. जास्त चालविण्याचा मोह आणि मालकाचा दबाव अशा दोन्हींपासून त्याला वाचविणे आवश्यक आहे. सुटीवर निघालेल्याला मालक नसतो. दमला तर तो थांबेल. हा युक्तिवाद निम्माच खरा मानावा लागेल. भाड्याची गाडी सोमवारी सकाळी परत द्यायची आहे आणि त्याच संध्याकाळी विमान गाठायचे आहे, अशा कुटुंबाला मालकाची उणीव भासत नाही.

क्रॅनबरीचा अपघात

नियमांच्या या दोन जगांमधील फट किती घातक ठरू शकते, हे ७ जून २०१४ च्या पहाटे न्यू जर्सीतील क्रॅनबरीजवळ दिसले. वॉलमार्टचा ट्रक रस्तेकामामुळे मंदावलेल्या वाहनांवर आदळला. विनोदी अभिनेते ट्रेसी मॉर्गन गंभीर जखमी झाले, त्यांच्यासोबतच्या एका कलावंताचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले, की अपघातसमयी ट्रकचालकाच्या कामाच्या चौदा तासांपैकी सुमारे साडेतेरा तास झाले होते. म्हणजे कागदोपत्री तो नियमांत होता. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वी तो जॉर्जियातील आपल्या घरून डेलावेअरपर्यंत सुमारे आठशे मैल स्वतःच्या खासगी वाहनातून आला होता. अपघातापूर्वी तो अठ्ठावीस तास जागा होता.

त्या आठशे मैलांची नोंद कोणत्याही वहीत होणे अपेक्षित नव्हते. कारण तेवढा वेळ तो कायद्याच्या दृष्टीने ट्रकचालक नव्हता, केवळ एक खासगी वाहनचालक होता. शरीराला हा भेद कळत नाही. मंडळाने आणखी एक निरीक्षण नोंदविले. कामाच्या पट्ट्यात ताशी ४५ मैलांची मर्यादा असताना ट्रक ६५ च्या वेगाने होता. सूचनाफलकाप्रमाणे वेग कमी केला असता, तर तो थांबू शकला असता.

मद्य, औषधे आणि दृष्टी

व्यावसायिक वाहन चालविताना रक्तातील मद्याची मर्यादा ०.०४ टक्के आहे. इतरांसाठी ती ०.०८ (केवळ युटा राज्यात ०.०५). सीडीएलधारकांची अमली पदार्थांसाठी कधीही, पूर्वसूचनेविना चाचणी होते. २०२० पासून वर्षाला निम्म्या चालकांइतक्या अशा चाचण्या घेण्याचे बंधन आहे. त्याच वर्षी केंद्रीय नोंदकोशही सुरू झाला, त्यामुळे एका कंपनीत दोषी ठरलेल्याला दुसऱ्या कंपनीत गुपचूप रुजू होता येत नाही. वैद्यकीय तपासणी जास्तीत जास्त दोन वर्षांनी नोंदणीकृत परीक्षकाकडून करून घ्यावी लागते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना आंतरराज्य ट्रक चालविण्यास पूर्वी विशेष सवलतीविना बंदी होती. २०१८ पासून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर परवानगी मिळू लागली. हाती मोबाईल धरून बोलण्यास जानेवारी २०१२ पासून मनाई आहे. मोटरहोमच्या चालकाला मोबाईलबाबत त्या त्या राज्याचा नियम लागतो, वैद्यकीय दाखला मात्र संघराज्य मागत नाही. अवाढव्य मोटरहोम बाळगणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी, हे लक्षात घेता ही उणीव खटकते.

वाहनाच्या देखभालीचेही तसेच आहे. ट्रकच्या पुढच्या चाकांच्या टायरची खाच किमान ४/३२ इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर खोल हवी. वार्षिक तपासणी आणि दररोजची पाहणी सक्तीची. मोटरहोम वर्षातील बराच काळ उन्हात उभे असते. त्याचे टायर खाच झिजण्यापूर्वीच वयाने आणि उन्हाने तडकतात. नुसते पाहून ते नवेच वाटतात आणि भर महामार्गावर फुटतात. टायरच्या कडेवर चार अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. तो वाचण्याची सवय असावी.

एक बारकावा सांगण्याजोगा. ट्रकच्या केबिनमागे झोपण्याची जागा असते. तेथे धावत्या गाडीत सहचालक झोपला, तर त्याला बाहेर फेकले जाण्यापासून रोखणारा पट्टा वा जाळी असलीच पाहिजे, असा नियम आहे. मोटरहोमच्या प्रशस्त बिछान्याला असे काहीही नसते. त्यामुळे वाटेत 'जरा आडवे होतो' म्हणणाऱ्या आजोबांना पट्टा असलेल्या आसनावर बसविणे हेच योग्य.

जेथे दोघे समान

काही नियम भेदभाव करीत नाहीत. आंतरराज्य महामार्गावरील ८०,००० पौंडांची एकूण आणि २०,००० पौंडांची एका आसावरील वजनमर्यादा वाहन कशासाठी धावते हे विचारीत नाही. कॅलिफोर्नियात मागे ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, मग ट्रेलरमध्ये संत्री असोत वा सुटीचे सामान. गॅसचे सिलिंडर बाळगणाऱ्या मोटरहोमला बाल्टिमोरच्या बोगद्यांसारख्या ठिकाणी अटकाव होतो. न्यू यॉर्कच्या जुन्या पार्कवेंवरील कमानी इतक्या ठेंगण्या आहेत, की छताची उंची फुटांत लिहून चालकासमोर चिकटविणे श्रेयस्कर.

या दोन जगांची सीमा कोठे आहे, हे इंडियाना राज्यातील एल्कहार्टमध्ये पाहावे. अमेरिकेतील आरव्ही उद्योगाचे हे माहेरघर. कारखान्यातून विक्रेत्याकडे नवी मोटरहोम पोहोचविणारा चालक व्यावसायिक असतो. त्याला कामाच्या तासांचे बंधन आहे, फक्त इलेक्ट्रॉनिक यंत्राऐवजी कागदी वही चालते. विक्रेत्याच्या आवारात चावी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, की तीच गाडी, तेच वजन, तेच ब्रेक. पण वही संपली.

आपल्याकडे

भारतात मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, असून ती ट्रकचालकाला व खासगी मोटारचालकाला सारखीच आहे. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. परंतु तो किमान पाच कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता आणि स्वतःचा एकच ट्रक चालविणारा मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परवान्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. अमेरिकेने वजनाबरोबर हेतूही मोजला. आपल्या न्यायालयाने या मर्यादेपर्यंत केवळ वजन पाहिले.