जलसा गेला, गाणे उरले : आपल्या बोलीतल्या रंगमंचाचे काय झाले?



एप्रिल महिना आला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते. आपली दहा भाषणे आणि भीमराव कर्डकांचा एक जलसा यांची बरोबरी होते, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले होते, असे वक्ता सांगतो. टाळ्या पडतात. वक्त्यागणिक त्या वाक्याचे शब्द बदलतात, ते सध्या बाजूला ठेवू. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी जलसा पाहिलाय किती जणांनी? भीमगीतांचा कार्यक्रम नव्हे, जलसा. ज्यात सावकार, पाटील, भट, महार, त्याची बायको अशी माणसे उभी राहून एकमेकांशी भांडतात, तो जलसा. मागच्या वर्षी एका युवक शिबिरात मी हा प्रश्न विचारला. एकही हात वर आला नाही. माझाही हात वर गेला नसता, हे इथेच कबूल करतो.

आपण ज्याला आपला सांस्कृतिक वारसा म्हणतो त्याची ही अवस्था आहे. वाक्य पाठ आहे, वस्तू हरवली आहे.

ही वस्तू कुठून आली ते आधी पाहू. मराठी रंगभूमीचा इतिहास शाळेत शिकवतात तेव्हा सुरुवात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवर’पासून होते. मग थेट १८६१ चे वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ येते. राजे, देव आणि पेशवे. या दोघांच्या मधे १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले होते. त्यात देव नाही आणि राजाही नाही. एक कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे. पाद्री आहे, मुसलमान आहे आणि मधेमधे तोंड घालून जोशाचे पितळ उघडे पाडणारा विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असतो आणि राजाची करमणूक करतो. जोतीरावांनी त्याला प्रश्न विचारण्याच्या कामाला लावले. शेवटी ते नवरा-बायको जोतीराव आणि सावित्रीबाईंनी प्रौढांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेची वाट धरतात.

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. दक्षिणा म्हणजे मुळात पेशवाईत ब्राह्मणांना वाटला जाणारा पैसा. इंग्रजांच्या काळात त्यातला काही भाग पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळला. त्या पैशातून ‘तृतीय रत्ना’ला बक्षीस मिळणार नव्हतेच. कमिटीने ते नाकारले आणि त्याविषयी जोतीरावांनी पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले. नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले, तेही ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. म्हणजे सव्वाशे वर्षे हस्तलिखित पडून. आता मराठीतले पहिले सामाजिक नाटक कोणते यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. मला त्यात महत्त्वाची वाटते ती भाषा. त्यातले कुणबी नवरा-बायको कुणब्यासारखेच बोलतात आणि नाटकाची हेटाळणी न होता हेटाळणी होते ती जोशाची. मराठी नाटकात पुढे शंभर वर्षे गावाकडची बोली आली की प्रेक्षकांनी हसायचे, असा संकेत रुजला. गडी, मोलकरीण, गावंढळ पाहुणा यांच्यासाठी ती राखून ठेवली गेली. जोतीरावांनी तो संकेत रुजण्याआधीच उलटा केला होता.

‘तृतीय रत्न’ रंगमंचावर आले नाही, पण त्याचे काम सत्यशोधक जलशाने केले. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव माहीत असलेला तमाशाचा साचा उचलला. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम लोकांच्या अंगवळणी होता. त्यांनी गणातल्या गणपतीचा अर्थ गणांचा पती, म्हणजे लोकांचा पुढारी, असा लावला आणि वगात पुराणाऐवजी गहाणखत आणले. १९१९ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध जे बंड केले, त्याची जमीन या जलशांनी तयार केली होती, हे गेल ऑम्व्हेट यांनी दाखवून दिले आहे. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांनी जलसा पाहून शेत कसायला नकार दिला. समाजशास्त्र शिकताना आम्हाला ‘जाणीवजागृती’ हा शब्द फार वेळा लिहावा लागला. तिचा याहून चांगला नमुना आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

आंबेडकरी जलसा याच साच्यातून पुढे आला, पण त्याने साच्यावरच हात टाकला. याचे कारण समजून घेतले पाहिजे. सत्यशोधक जलसेकाराला तमाशा हे माध्यम होते. आपल्या माणसांना तो जातीचा धंदा होता. महार, मांग, कोल्हाटी या जातींतल्या बायकांनी नाचायचे, पुरुषांनी ढोलकी-तुणतुणे वाजवायचे, गावाने दौलतजादा करायचा आणि सकाळी त्याच कलावंताला पाणी वरून वाढायचे. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही हकिकत आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. आपल्याच समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. म्हणून आंबेडकरी जलशातून गवळण गेली, शृंगारिक लावणी गेली. गणाच्या जागी बाबासाहेबांचे आणि चळवळीचे स्तवन आले. ढोलकी, तुणतुणे, झांज तेवढे राहिले. आणि वग राहिला.

नाशिक जिल्ह्यातल्या कर्डकांच्या जलशाची हकिकत आपल्याला मिळते ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. शोधून वाचावे असे आहे. महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. हे सगळे खेड्यातल्या महारवाड्यापर्यंत कुणी नेले? ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ वाचणारा माणूस गावात एखादा असला तर असायचा. गॅसबत्तीच्या उजेडात, ना पडदा ना मंच अशा मोकळ्या जागेत, दिवसा मजुरी करणारी माणसे रात्री हा निरोप वगातून सांगत. मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा. भाषणात हे उपदेश वाटतात. वगात पाटलाच्या तोंडून धमकी येते, बायकोच्या तोंडून भीती येते, उद्या गावाने बहिष्कार टाकला तर दळण कुठून आणायचे हा प्रश्न येतो. समोर बसलेल्या माणसाच्या मनात जे चाललेले असते तेच त्याला समोर दिसते, आणि ते त्याच्याच बोलीत.

मग हे गेले कुठे?

पहिले उत्तर आपण सगळे देतो : सिनेमा आला, टीव्ही आला. ते खरे आहे, पण अर्धेच. झाडीपट्टीत सिनेमाही पोहोचला आणि टीव्हीही. तरी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर तिकिटाची नाटके होतात आणि वडसा गाव नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांनी गजबजते. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या रंगभूमीच्या मागे दंडार आणि खडीगंमत हे झाडीबोलीतले जुने खेळ आहेत. म्हणजे गावाने ठरवले तर नाटक टिकते. (झाडीपट्टीच्या नाटकांत काय दाखवतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथल्या मित्रांनी तो लिहावा.)

माझ्या मते आपला जलसा दोन कारणांनी गेला. एक तर गाणे वगापासून सुटले. जलशातली पदे गायन पार्टीत गेली, तिथून कव्वालीच्या सामन्यात, पुढे कॅसेटवर. वामनदादा कर्डकांसारखा कवी मिळाल्यावर गाणे मोठे होणारच होते आणि ते झाले, याचा अभिमानच आहे. पण कॅसेटमध्ये गाणे मावते, वग मावत नाही. दोन गायक आणि चार वादक एका जीपमध्ये बसतात. दहा नटांचा संच सांभाळायला, त्यांचा रोजगार बुडू न द्यायला, तालमी घ्यायला जी संघटना लागते ती आपल्याकडे फुटत गेली. गाणे बाबासाहेबांविषयी आपल्याला काय वाटते ते सांगते. वग गावात आज काय चालले आहे ते दाखवतो. आपण पहिले सांभाळले आणि दुसरे सोडून दिले.

दुसरे कारण जास्त अवघड आहे, कारण त्यात आपला दोष नसूनही नुकसान आपले झाले. १९५६ नंतर आपल्या घरांनी बोली सोडायला सुरुवात केली. मी वऱ्हाडातला. चौथीत असताना वर्गात ‘मले’ म्हणालो म्हणून बाईंनी मला उभे केले आणि वर्ग हसला. घरी सांगितले तर बाबा म्हणाले, बरोबरच केले, शुद्ध बोलायला शीक. बाबांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. बोलण्यावरून जात ओळखली जायची, नोकरीच्या मुलाखतीत ती ओळखली जाऊ नये यासाठी त्यांची धडपड होती. पण गंमत पाहा. ज्यांच्याकडे भाषेचे भांडवल आधीच होते त्यांनी पुढे आपलीच वऱ्हाडी, आगरी, मालवणी एकपात्रीत आणली आणि लोकांना पोट धरून हसवले. आपण बोलीला लाजत राहिलो आणि तिच्यावरचा हशा दुसऱ्यांनी विकला.

माझ्या आईचे एक चुलते जलशात सावकार करायचे. संवादांची एक वही होती, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत. ते वारल्यावर पेटी भंगारात गेली आणि वह्या रद्दीत. हे कुणी दुष्टपणाने केले नाही. घरात मुले शिकत होती, जागा लागत होती. दक्षिणा कमिटीने जोतीरावांचे नाटक दाबले याचा आपल्याला राग येतो. आपल्या पेट्यांमध्ये काय होते याचा हिशेब कोण ठेवणार? ज्यांच्या घरी अजून असा एखादा म्हातारा किंवा म्हातारी आहे त्यांनी या दिवाळीत मोबाइल काढून त्यांच्यासमोर बसावे. पदे तर विचाराच, पण मुख्य म्हणजे संवाद विचारा. कोण कुठून यायचे, कोण काय नेसायचे, बायकांची कामे कोण करायचे, बायका बघायला कुठे बसायच्या, हे सगळे विचारा.

पुनरुज्जीवनाला माझ्याच समाजातून विरोध होतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आम्ही पाच-सहा मुलामुलींनी गेल्या हिवाळ्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात पाऊण तासाचा वग केला. विषय बचत गटाच्या नावाने फिरणारे कर्ज, आठवड्याचा हप्ता आणि वसुलीला दारात बसणारा माणूस. संवाद सगळे वऱ्हाडीत. तालमीला बसलो तेव्हाच एक ज्येष्ठ कार्यकर्ते येऊन म्हणाले, “आमी बाबासायबाचं आयकून तमाशा सोडला, अन तुमी शिकेल पोरं पुन्हा फेटे बांधून राह्यले!” त्यांच्या तरुणपणी त्यांनी गावकीची कामे सोडताना मार खाल्लेला आहे. त्यांना ‘लोककला जपली पाहिजे’ असे सांगणे हा उद्धटपणा झाला असता. जी कला आपल्या अंगावर वतनासारखी लादली होती ती जपण्याचा शौक आपल्याला परवडणारा नाही. शासकीय महोत्सवात फेटे-धोतर घालून, समोर सोफ्यावर अधिकारी बसवून जो ‘पारंपरिक’ कार्यक्रम होतो, तो मलाही नको आहे. पण कर्डकांनी तरी तमाशा जपला होता काय? त्यांनी तो मोडून त्यातले हत्यार काढून घेतले. अण्णाभाऊ साठ्यांनी ‘अकलेची गोष्ट’मध्ये आणि ‘देशभक्त घोटाळे’मध्ये तेच केले. आम्ही त्या काकांना एवढेच विचारले की फेटे नाही बांधले तर चालेल का. ते काही बोलले नाहीत. प्रयोगाला मात्र आले, मागे उभे राहिले. आम्ही रोजच्याच कपड्यांत होतो.

प्रयोग फार चांगला झाला असे म्हणता येणार नाही. माइक दोनदा बंद पडला. आमच्यातल्या एका मुलीला वऱ्हाडी बोलताना इतके अवघड होत होते की ती मधेच प्रमाण मराठीत घसरायची आणि समोरच्या बायका तिला शब्द सुचवायच्या. पण वसुलीवाला दारात बसतो त्या प्रसंगाला एक बाई एकदम म्हणाली, “सांग ना त्याले, पावती दाखव मनून!” मग दुसरी बोलली, तिसरी बोलली आणि वगाचे पुढचे दहा मिनिटांचे संवाद आम्हाला म्हणावेच लागले नाहीत. त्या रात्री दोन बायकांनी आपापली कर्जाची कार्डे आणून दाखवली, त्यांतल्या एकीवर भरलेल्या हप्त्यांची नोंदच नव्हती. त्याचा पाठपुरावा सध्या चालू आहे.

सामान आवरताना एक म्हातारी आजी माझ्याजवळ आली. लहानपणी तिने जलसा पाहिला होता. नाटक कसे वाटले, असे विचारल्यावर म्हणाली, “चांगलं होतं बापू. पन सावकार असा नाई बसत.” आणि मग गुडघ्याला हात लावत लावत खाली बसली, एक पाय पुढे सोडला, पदराची कल्पित चंची काढली आणि आम्हाला सावकार कसा बसतो ते दाखवू लागली.