एडन : मुंबई इलाख्याचें दूरचें टोंक

मुंबईहून विलायतेस निघालेल्या डाकबोटीला सुमारें १,६५० सागरी मैलांनंतर जें पहिलें बंदर लागे, तें एडन. समोर गवताचें पातें नसलेला काळपट डोंगर, पायथ्याशीं कोळशाच्या राशी, आणि अंगाला भाजणारी झळ. बोट कोळसा घेई तोंवर किनाऱ्यावर उतरावें, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत वसलेलें गांव व खडकांतील पुरातन टांकीं पाहावीं, आणि ‘परदेशाची पहिली भूमि पाहिली’ असें घरीं लिहावें, हा प्रवाशांचा परिपाठ. परंतु ती भूमि खरोखर परदेश होती काय?

१९ जानेवारी १८३९ रोजीं कंपनी सरकारनें एडन घेतलें. आगबोटींचें युग सुरू होत होतें, आणि त्यांना वाटेंत कोळशाचें ठाणें हवें होतें. तेव्हांपासून १९३२ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षें, तेथील कारभार मुंबई सरकारकडे होता. पुढें तो हिंदुस्थान सरकारकडे गेला, आणि १ एप्रिल १९३७ रोजीं एडन हिंदुस्थानापासून तोडण्यांत आलें. तोंपर्यंत नागपूरच्या पोष्टांत मिळणारें तिकीटच एडनच्या पत्रावर चाले. रुपया तर १९५१ पर्यंत चालू होता. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला आणि हा ओसाड खडक जगाच्या हमरस्त्यावर आला. कावसजी दिनशा यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथें भरभराटल्या.

व्यापाऱ्याला जें बंदर सोयीचें, तेंच सरकारला तुरुंगासाठीं सोयीचें वाटलें. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस निर्जल वाळवंट असल्यावर निसटलेला कैदी जाणार कोठें? शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके हे पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. दुष्काळानें गांजलेल्या मुलखांत रामोशी मंडळी जमवून त्यांनीं १८७९ सालीं बंड उभारलें. त्याच वर्षीं ते पकडले गेले. सार्वजनिक काकांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें, तरी जन्मठेप टळली नाहीं. १८८० च्या जानेवारींत त्यांना एडनला नेण्यांत आलें. एकदां ते तुरुंगांतून निसटलेही; पण त्या अनोळखी प्रदेशांत पुन्हां हातीं लागले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. या काळांतही डाकबोटी नेमानें येत होत्या, कोळसा भरून जात होत्या.

दैवाचा विलक्षण न्याय असा कीं, एडन जिंकून देणाऱ्या कप्तान हेन्सच्या वांट्यासही बंदिवासच आला. पंधरा वर्षें त्यानें तें ठाणें सांभाळलें; पण हिशेबांत तूट निघाली, आणि पंचांनीं निर्दोष ठरवूनही मुंबई सरकारनें त्याला देणेकरी म्हणून तुरुंगांत ठेवलें. १८६० सालीं सुटल्यावर थोड्याच दिवसांत, मुंबई बंदरांतील बोटीवर तो मरण पावला.

१९६७ सालीं इंग्रज एडनहून निघून गेले. मुंबई इलाख्याच्या इतिहासांत मात्र एडनचें पान असावयास हवें. आणि तें कोळशाच्या राशींपाशीं न थांबतां तुरुंगाच्या दारापर्यंत गेलें पाहिजे.