मुळशीचे कूळ, त्याचे घर आणि पुराव्याचा भार

१/८ मुळशी सत्याग्रह म्हटले की टाटांचे धरण आणि सेनापती बापट आठवतात. पण या लढ्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता. जो जमीन कसतो, तिच्यावरच घर बांधून राहतो, पण कागदावर मालक नाही, त्याला संरक्षण कोणते? हा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/८ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. निळा-मुळा संगमापाशी मावळ्यांनी धरणाचे काम रोखले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीला हे खोरे हवे होते. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा. मात्र ‘जमीन’ नेमकी कोणाची?

३/८ कर्जापायी खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. वाडवडिलांच्या शेतात अनेक मावळे आता कूळ म्हणून राबत. १८७५ च्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना सावकारी दस्तऐवजांमागील खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. तो ऋणकोला दिलासा होता. कुळाला स्थैर्य नव्हे.

४/८ कुळाचे भवितव्य ठरवी तो त्याच वर्षीचा मुंबई जमीन महसूल कायदा. कलम ८३ म्हणे, वहिवाट इतकी जुनी असेल की तिचा आरंभच सांगता येऊ नये, तर कूळ कायमचे मानावे. पण खरेदीखत झालेल्या मावळ्याच्या कूळपणाचा आरंभ त्या खतावरच तारखेसह लिहिलेला असे! पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवास कायद्याच्या लेखी कालचा ठरे. आणि वार्षिक कुळाला काढायला कलम ८४ नुसार ३ महिन्यांची लेखी नोटीस पुरे.

५/८ म्हणूनच १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला देऊ केला, तेव्हा फूट पडली. जमीनदार-सावकार पैसे घेण्यास राजी झाले. पैसा प्रामुख्याने मालकीमागे जाणार. कुळाचे तर शेत आणि घर दोन्ही जाणार. बापट व विनायकराव भुस्कुटे लढत राहिले, तुरुंगात गेले. १९२७ मध्ये धरण पूर्ण झाले.

६/८ पुढे कायदा हळूहळू वळला. १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग ६ वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ मानले. १९४८ च्या कायद्याचे कलम १६ त्याच्या घरापर्यंत पोहोचले. मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधले असेल, तर त्याला सहजी काढता येणार नाही. घर कुळाच्या खर्चाचे नाही, हे सिद्ध करायचे मालकाने. कलम १७ प्रमाणे मालक ती जागा विकू लागला, तर पहिला हक्क कुळाचा. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, कायद्यातील अपवाद वगळता, कसणारे कूळच जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

७/८ हा कायदा १९२१ मध्ये असता तर धरण थांबले असते असे नाही. सरकारची संपादनाची सत्ता त्याहून मोठी. पण मोबदल्याच्या वाटाघाटीत मावळा उपरा ठरला नसता. कूळहक्काचा इतिहास म्हणजे पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा इतिहास. आधी ‘मी इथला’ हे कुळाने सिद्ध करायचे. नंतर ‘तो इथला नाही’ हे मालकाने.

८/८ आज हिंजवडी, माण, पिरंगुट ही मुळशी तालुक्यातलीच गावे भाडेकरूंनी गजबजली आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ तोच धागा पुढे नेते. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य. पाण्याखाली गेलेल्या खोऱ्यातील मावळ्याला एवढाही आधार नव्हता. भाड्याच्या घरात राहत असाल, तर आपला करार एकदा काढून वाचा. त्यातील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी लढा आहे.