पैनगंगा ओलांडली की मीटर चालू : जामच्या चौरस्त्यावरून दिसणारा रोमिंगचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावर जाम हे गाव आहे. उत्तरेला बुटीबोरी आणि नागपूर, दक्षिणेला हिंगणघाट, पांढरकवडा आणि पुढे आदिलाबाद. वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. कोळसा, कापूस, संत्री, सिमेंट असा सारा माल या चौरस्त्यावरून जातो आणि मालाबरोबर माणसेही जातात.

आता एक प्रश्न. २००४ साली जामचा एखादा माणूस खिशात मोबाइल घेऊन निघाला आहे. त्याच्यापुढे पणजी, मुंबई आणि आदिलाबाद अशी तीन ठिकाणे आहेत. यांपैकी कोठे त्याचा फोन ‘परका’ ठरेल?

आदिलाबाद, कारण ते तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. पणजी मात्र नाही, जरी गोवा हे वेगळे राज्य असले तरी. आणि मुंबई? मुंबईत तो परकाच. स्वतःच्या राज्याच्या राजधानीत पाऊल ठेवताच त्याच्या फोनला रोमिंगचे दर लागू होत. जवळजवळ हजार किलोमीटरवरचे पणजी घरचे आणि मंत्रालय परदेश, असा हा नकाशा होता.

हा नकाशा राज्यांचा नव्हता, दूरसंचार ‘सर्कल’चा होता. डाक-तार खात्याच्या कारभारासाठी देशाची अशी परिमंडळे फार पूर्वीपासून पाडलेली होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर मोबाइलचे परवाने देताना सरकारने बहुतांशी तीच चौकट उचलली. चार महानगरे वेगळी काढली आणि उरलेल्या देशाची अ, ब, क अशी प्रतवारी लावली. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण परिसर वगळून उरलेला महाराष्ट्र, अधिक गोवा. पुढे राज्ये तुटली, पण सर्कल तुटली नाहीत. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तरी ते मध्य प्रदेश सर्कलमध्येच राहिले. २०१४ मध्ये तेलंगण जन्माला आले, तरी आदिलाबादचा फोन आंध्र सर्कलचाच राहिला.

जामच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता. दक्षिणेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले, पिंपळखुटीचा नाका आणि पैनगंगा मागे पडली, की मीटर चालू. उत्तरेकडे देवलापार सोडून खवासा आले, की मीटर चालू.

यातली मौज पुढेच आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये १९९७ पासून सेवा देणाऱ्या कंपन्यांपैकी एक होती बिर्ला एटी अँड टी. आंध्र सर्कलमध्ये टाटा सेल्युलर होती. २००० साली या दोघींचे विलीनीकरण ठरले आणि बिर्ला-टाटा-एटी अँड टी अशी कंपनी उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून लोक तिला ‘बटाटा’ म्हणू लागले. २००१ मध्ये या कंपनीने मध्य प्रदेशातील आरपीजी सेल्युलर विकत घेतली आणि २००२ मध्ये ‘आयडिया’ हे नाव धारण केले. म्हणजे खवाशाच्या पलीकडे, जामच्या चौरस्त्यावर आणि पैनगंगेच्या पलीकडे मालक एकच झाला. तरीही ग्राहकासाठी सीमा तशाच राहिल्या. परवाना सर्कलनिहाय, म्हणून हिशेबही सर्कलनिहाय. रोमिंग हा केवळ दोन कंपन्यांमधला व्यवहार असता, तर तो या महामार्गावर तरी २००१ मध्येच संपायला हवा होता.

मग पैसे नेमके कशाचे लागत? मोबाइल चालू असताना तो जवळच्या टॉवरकडे आपली नोंद करतो. परक्या सर्कलमध्ये गेला की तिथले जाळे मूळ जाळ्याला कळवते, ‘तुमचा ग्राहक आमच्याकडे आहे.’ जामहून कोणी त्या ग्राहकाला फोन लावला, की तो आधी महाराष्ट्राच्या एक्स्चेंजमध्ये जातो आणि तिथून ट्रंक मार्गाने हैदराबादला वळवला जातो. फोन लावणाऱ्याला पलीकडचा माणूस कुठे आहे हे ठाऊक नसते; म्हणून या दुसऱ्या टप्प्याचा खर्च फोन घेणाऱ्याच्या माथी. याची परिसीमा पाहा. हैदराबादच्या ट्रक-अड्ड्यावर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन वर्धेकरांनी एकमेकांना फोन केला, तर तो महाराष्ट्रात जाऊन परत हैदराबादला येई. दहा पावलांवरच्या माणसाशी बोलायला दोन दूरपल्ल्यांचे पैसे.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला; कलकत्त्याहून ज्योती बसूंनी केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. त्या काळी गर्दीच्या वेळेचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत जाई आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून ‘फोन करणाऱ्याने पैसे भरावे’ ही पद्धत आली व येणारे कॉल मोफत झाले. मोबाइल सामान्यांच्या हाती आला तो खऱ्या अर्थाने इथून. पण ही मोफत सोय घरच्या सर्कलपुरतीच होती. जो घरी बसला आहे त्याला फोन घेणे फुकट आणि जो पोटासाठी बाहेर पडला आहे त्याला सशुल्क, असा विचित्र न्याय त्यातून तयार झाला. रोमिंगच्या इतिहासात विसरू नये ती बाब हीच. हा भार पडला तो प्रामुख्याने ट्रकचालक, क्लीनर, बांधकाम मजूर, परराज्यात शिकणारी मुले यांच्यावर. ज्यांचे बिल कंपनी भरते, त्यांना पैनगंगा कधी लागली हे कळलेही नसेल.

हा भार पेलायला लोकांनी ज्या युक्त्या काढल्या, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही; पण त्या काळात प्रवास केलेल्या कोणत्याही माणसाला त्या तोंडपाठ असतील.

पहिली आणि सर्वांत मोठी, मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’. दोन रिंगा म्हणजे ‘बूथवर जातो, थांब’. तीन म्हणजे ‘तू कर’. प्रत्येक घराची लिपी वेगळी, पण तत्त्व एकच. जोवर फोन उचलला जात नाही, तोवर मीटर फिरत नाही. डिसेंबर २००५ च्या सुमारास ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड कार्डे आली, तेव्हा असंख्य नंबर वर्षानुवर्षे जवळजवळ केवळ या रिंगांवरच जगले.

दुसरी युक्ती म्हणजे परतीची वाट, एसटीडी बूथकडे. खिशात मोबाइल असूनही माणूस पिवळ्या पाटीच्या काचेच्या खोलीत शिरे, लाल आकडे पळताना पाही आणि पल्स उलटण्याआधी रिसीव्हर ठेवी. मोबाइलवर नुसता नंबर पाहायचा आणि बोलायचे बूथवरून. नवे यंत्र आले की जुने लगेच मरते, या समजाला हा चांगला अपवाद आहे. बूथशी लोकांची मैत्री जुनी होती. रात्री उशिरा एसटीडीचे दर चतुर्थांशावर उतरत, तेव्हा बूथसमोर रांगा लागत, हे आजच्या विशीतल्या वाचकांना घरातले कोणीही सांगेल.

तिसरी, दुसरे सिम. नेहमी हैदराबाद मार्गावर असणारा चालक आंध्रचे एक कार्ड बाळगे. नदी ओलांडली की बॅटरी काढायची, सिम बदलायचे, पुन्हा चालू करायचे. पुढे दोन सिमचे स्वस्त हँडसेट बाजारात आले आणि बॅटरी काढण्याचा हा खटाटोप संपला. सीमेलगतच्या गावांत तर घरात बसूनही पलीकडचा टॉवर फोन पकडून नेई. मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावे लागे.

पण ही हुशारी मोबाइलने जन्माला घातली का? नाही. तिचे मूळ टपालात आहे. पूर्वी टपालाचा दर अंतरानुसार चढे आणि पुष्कळदा पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत. ‘बैरंग’ हा शब्द त्याच व्यवहाराचा अवशेष. लिफाफ्यावरच्या खुणेवरून ख्यालीखुशाली ओळखायची आणि पत्र न स्वीकारता परत करायचे, ही युक्ती इंग्लंडमध्ये आणि भारतातही चाले. हे बैरंग पत्र म्हणजे एकोणिसाव्या शतकातला मिस्ड कॉलच. १८५४ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत अंतर कितीही असो, किमान वजनाच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला आणि पत्र पाठवताना अंतर मोजणे थांबले. (डलहौसीच्याच धोरणाने नागपूरकर भोसल्यांचे राज्यही त्याच वर्षी खालसा झाले. जामच्या परिसराला स्वस्त टपाल आणि परके राज्य एकदमच मिळाले म्हणायचे.)

टपालाने १८५४ मध्ये जे केले, ते दूरध्वनीला करायला दीड शतक लागले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी ‘वन इंडिया’ योजनेत देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला. पण तोही जो आपल्या सर्कलमध्ये बसून बोलतो त्याच्यासाठी. फिरणाऱ्याचा प्रश्न उरलाच.

त्याला हात घातला ‘ट्राय’ने. २००७ च्या आरंभी या नियामकाने रोमिंगचे मासिक भाडे आणि अधिभार बंद केले व कमाल दर ठरवून दिले : स्थानिक कॉलला मिनिटाला १ रुपया ४० पैसे, एसटीडीला २ रुपये ४० पैसे, येणाऱ्या कॉलला १ रुपया ७५ पैसे. जुलै २०१३ मध्ये येणाऱ्या कॉलची मर्यादा ७५ पैशांवर आणि मे २०१५ मध्ये ४५ पैशांवर आली. चार दिवसांची खेप आणि रोज घरून पाच मिनिटांचा एक फोन असा हिशेब धरला, तर केवळ ऐकण्यासाठी २००७ मध्ये ३५ रुपये, २०१३ मध्ये १५ आणि २०१५ मध्ये ९ रुपये पडत. ३५ रुपये आज क्षुल्लक वाटतात. तेव्हा त्यात ढाब्यावर जेवण होई.

२०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात ‘एक राष्ट्र, मोफत रोमिंग’ हे उद्दिष्ट कागदावर आले. कंपन्यांनी खळखळ केली. उत्पन्न बुडेल हा त्यांचा युक्तिवाद. १५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. पण भिंत पडली ती धोरणाने नव्हे, स्पर्धेने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली, ती रोमिंगचे वेगळे दर न लावताच. एअरटेलने १ एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंग शुल्क रद्द केले. वीस वर्षे ‘तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य’ म्हणून सांगितलेला खर्च काही महिन्यांत नाहीसा झाला. तो पूर्णपणे काल्पनिक होता असे म्हणता येणार नाही, कारण ट्रंक मार्गाला खरोखर पैसे पडत. पण आकारणी आणि खर्च यांतले अंतर बरेच मोठे असले पाहिजे, हा निष्कर्ष टाळणे कठीण आहे.

युरोपचा इतिहास याच्याशी आश्चर्यकारक जुळतो. तेथील तेरा देशांच्या दूरध्वनी संस्थांनी सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे समान डिजिटल प्रणालीचा करार केला, तोच मुळी सीमा ओलांडून फोन चालावा म्हणून. पण फोन चालू लागला आणि बिलेही. युरोपीय संघाने रोमिंगवर पहिली दरमर्यादा घातली २००७ मध्ये आणि अतिरिक्त शुल्क संपवले १५ जून २०१७ रोजी. भारताचीही वर्षे तीच. फरक इतकाच की युरोपने स्वतंत्र देशांमधल्या भिंती कायद्याने पाडल्या आणि भारताने एकाच देशातल्या भिंती बाजारावर सोपवल्या.

आता जुन्या युक्त्या राष्ट्रीय सीमेवर सरकल्या आहेत. परदेशी निघालेले मराठी कुटुंब विमानात बसण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद करते, उतरल्यावर स्थानिक सिम घेते, हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोचलो’ लिहिते. एक रिंग गेली, दोन निळ्या खुणा आल्या. मिस्ड कॉलचा तर धंदाही झाला. बंगळूरची झिपडायल ही कंपनी मिस्ड कॉलवरच उभी राहिली आणि जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

देशातली एक सीमा मात्र २०१७ नंतरही उभी राहिली. जामवरून जाणारा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता, वाराणसी ते कन्याकुमारी. नव्या क्रमांकानुसार तो ४४ झाला आणि त्याचे उत्तर टोक श्रीनगरला गेले. या रस्त्याने पठाणकोटपुढे लखनपूर ओलांडून जम्मू-काश्मीरमध्ये शिरणाऱ्या चालकाचा बाहेरचा प्रीपेड नंबर सुरक्षेच्या कारणास्तव बंद पडतो. पोस्टपेड चालतो. म्हणून त्या खेपेला निघण्यापूर्वी पोस्टपेड कार्ड घ्यावे लागते, नाहीतर तिथे उतरून कागदपत्रे दाखवून स्थानिक सिम मिळवावे लागते. तोवर घरच्यांना एक रिंगही जात नाही.